मदत हवी आहे: कोरीव दगडांचे फोटो सपाट येतात, रविवारच्या आत उपाय सांगा

पाणकणीस | मंगळवार, रात्री ११:१०

मंडळी, तातडीने मदत हवी आहे. गावी देवळापाशी पाच कोरीव दगड आहेत. गेले दोन रविवार जाऊन सत्तरएक फोटो काढले, त्यातला एकही कामाचा नाही. हाताने चाचपलं की माणूस लागतो, तलवार लागते, स्क्रीनवर मात्र नुसता राखाडी दगड. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट सगळं वरखाली करून झालं. सेटिंग काय ठेवू तेवढं सांगा. येता रविवार शेवटचा आहे, म्हणून "आधी फोटोग्राफी शिका" असं कृपया सांगू नका.

सह्यवेडा | मंगळवार, रात्री ११:३२

कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, किती वाजता काढले, दगड उन्हात आहेत की सावलीत, गाव कुठलं? आणि रविवार शेवटचा कशासाठी? एवढं कळल्याशिवाय सेटिंग कोण सांगणार? निदान एक फोटो तरी टाका.

उडता_कॅमेरा | मंगळवार, रात्री ११:५८

खोऱ्याचं चित्रण करायचं तर ड्रोनला पर्याय नाही. खाचरांचे बांध, जुन्या पायवाटा, गावठाणाची ठेवण हे जमिनीवरून कळतच नाही. २५० ग्रॅमच्या आतला घ्या, २०२१ च्या ड्रोन नियमांत त्या वजनाला बरीच मोकळीक आहे. मी मुळशी, पवना, सगळीकडे उडवलाय.

रीळवाला | बुधवार, सकाळी ६:४०

उडता_कॅमेरा, त्यांचा प्रश्न हातभर लांबच्या दगडाचा आहे. आणि नवख्या माणसाला ड्रोन सुचवताना लाल-पिवळ्या क्षेत्राचा (ड्रोन उडवायला मनाई किंवा परवानगीची अट असलेल्या भागांचा) नकाशा आधी बघायला सांगत जा. पुण्याभोवती लोहगावचा हवाई तळ आहे, खडकवासल्याला एनडीए आहे, शिवाय बऱ्याच धरणांच्या भिंतीवर चित्रीकरणाला मनाई असते.

पाणकणीस, तुम्ही किती वाजता पोचता, एवढंच सांगा. माझा अंदाज आहे की दुपारी.

पाणकणीस | बुधवार, सकाळी ९:१५

हो, दुपारीच. सकाळची कामं आवरून कात्रजवरून निघालो की पोचेपर्यंत बारा-साडेबारा होतात. कॅमेरा नाही, मोबाइल आहे, चांगला आहे. दगड सावलीत आहेत, वर वड आहे. आता सांगा सेटिंग.

रीळवाला | बुधवार, सकाळी ९:५०

सेटिंगने काही होणार नाही. झिजलेल्या दगडावर कोरीवकाम उरतं ते जेमतेम नखाएवढ्या उंचीचं. उजेड समोरून किंवा चोहीकडून सारखा आला की त्या उंचवट्याची सावलीच पडत नाही, आणि फोटोत आकार कळतो तो सावलीमुळे. वडाखाली भर दुपारी उजेड सगळीकडून येतो. तुमचा मोबाइल खोटं बोलत नाहीये, तिथे सावलीच नाहीये. उजेड दगडाच्या अंगाला घासत, अगदी तिरका यायला हवा. मी १९८०च्या सुमारास रीळ भरून लेणी फिरायचो, तेव्हापासून हेच करतो आहे.

सह्यवेडा | बुधवार, सकाळी ११:०५

अर्धं बरोबर. पण मोबाइल ज्या सावल्या असतात त्याही उजळून टाकतो, आपोआप एचडीआर (उजेड-सावलीतला फरक कमी करणारी सोय) लावतो, वर दगडाचा पोत गुळगुळीत करतो. एक दिवसासाठी मिररलेस कॅमेरा भाड्याने घ्या, ५० मिमी लेन्स लावा, रॉ मध्ये (कॅमेऱ्याने स्वतः बदल न केलेल्या फाइलमध्ये) काढा. पुण्यात भाड्याने सहज मिळतो.

रीळवाला | बुधवार, सकाळी ११:२०

सपाट उजेडात लाखाच्या कॅमेऱ्यानेही सपाटच येणार. त्यांना चार दिवसांत नवा कॅमेरा हाताळायला लावू नका. बऱ्याच मोबाइलमध्ये एचडीआर बंद करता येतो, सेटिंग हाताने ठेवायचा प्रो मोड असतो, तेवढं पुरे.

सह्यवेडा | बुधवार, सकाळी ११:३१

मी उजेडाचं महत्त्व नाकारलेलं नाही. पण नोंद कायमची राहणार असेल तर ती चांगल्या साधनाने व्हावी, एवढंच म्हणणं आहे.

माई_कोथरूड | बुधवार, दुपारी २:४५

आम्ही शाळेच्या सहलीला जायचो तेव्हा आमचे सर कोरलेल्या रेघांत खडू भरायचे. काय सुरेख उठून दिसायचं! खडू नसला तर रांगोळी किंवा तांदळाचं पीठ चालेल. नंतर पाण्याने धुऊन टाकायचं.

शिलालेख | बुधवार, दुपारी ३:१०

माई, राग मानू नका, पण हे कुणीही करू नये. खडूची भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते ती धुऊन जात नाही, पिठाला मुंग्या लागतात आणि मागोमाग बुरशी येते. त्याहून वाईट म्हणजे खडू भरणारा त्याला जे वाटतं ती रेघ भरतो. एखाद्या लेखात "द" चा "ढ" केलात की पुढचे सगळे लोक तुमचा ढ वाचत बसतात. तेल, शेंदूर, ओला फडका, तारेचा ब्रश यातलं काहीही नको. आधीचा शेंदूर असेल तर तोही खरवडू नका.

पाणकणीस, तीन प्रश्न. दगड उभा आहे का, आणि त्यावर एकावर एक तीन-चार चौकटी आहेत का? दगडाचं तोंड कुठल्या दिशेला? कुठे कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला आहे का?

माई_कोथरूड | बुधवार, दुपारी ३:२५

राग कसला, हे मला माहीतच नव्हतं. नातवालाही सांगेन, तोही भटकतो.

पाणकणीस | बुधवार, रात्री १०:४०

तीन चौकटी आहेत, हो. वाकवलेला हात दुसऱ्या दगडावर आहे. तोंड उत्तरेला. हे तुम्हाला न बघता कसं कळलं?

रविवारचं सांगायचं राहिलं. देवळाचा जीर्णोद्धार चाललाय. सोमवारी जेसीबी येणार, दगड उचलून नव्या कंपाउंडच्या भिंतीत बसवणार, सिमेंटने. दोन तर पायाशी अर्धे गाडले गेलेच आहेत. हाताच्या दगडाला आमची आत्या "सतीआई" म्हणते, दर नवरात्रात हळदकुंकू वाहते. तिचं वय ८१ आहे. तिला नीट दिसेल असा एक मोठा फोटो करून द्यायचाय, दगड भिंतीत जायच्या आत. म्हणून घाई.

शिलालेख | बुधवार, रात्री ११:१५

हे पहिल्याच प्रतिसादात सांगायला हवं होतं! हा सेटिंगचा प्रश्नच नाही.

तीन चौकटींचा तो वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. खालच्या चौकटीत वीर लढताना किंवा पडलेला, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, सगळ्यात वर तो पिंडीची पूजा करतो, माथ्यावर चंद्रसूर्य. अर्थ असा की चंद्रसूर्य असेतो याची आठवण राहील. वाकवलेल्या हाताची ती सतीशिळा, सती गेलेल्या बाईच्या आठवणीची. दोन्ही जवळजवळ उभ्या असतील तर त्यांची ती जवळीक हीच मोठी माहिती आहे, आणि जेसीबी नेमकी तीच पुसून टाकणार. म्हणून रविवारी नुसते जवळचे फोटो काढू नका. दहा पावलं मागे जाऊन देऊळ, वड आणि पाचही दगड एका चौकटीत घ्या. चारही बाजूंनी घ्या. प्रत्येक दगडाशेजारी मोजपट्टी उभी करा. वहीत कच्चा नकाशा काढा, उत्तर दाखवा, दोन दगडांमधलं अंतर पावलांत तरी लिहा. मागची बाजूही बघा, तिथे कधीकधी ओळी असतात.

काळी_घोंगडी | गुरुवार, सकाळी ७:०५

उत्तरेकडं तोंड आणि वर वड म्हंजे ऊन कधीच पडायचं न्हाई त्याच्यावर. मग ऊन आपणच न्यायचं. घरातला फूटभर आरसा घ्या. दगडाच्या बाजूला पंधरा-वीस फुटांवर उन्हात एक माणूस आरसा धरून उभा करा, कवडसा दगडाच्या अंगावरनं आडवा घसटत जाईल असा पाडा. दोघांनी दगडाच्या वर घोंगडी धरायची, म्हंजे वरचा फिका उजेड तुटतो. सकाळी नवाच्या आत नायतर चारनंतर. आमच्या गावात एक मास्तर यायचे वाचायला, ते असंच करायचे. मी लहानपणी आरसा धरलेला हाय.

तुमचं गाव वेळवंड खोऱ्यातलं का ओ? भाटघरच्या पाण्याकडंचं?

रीळवाला | गुरुवार, सकाळी ७:३०

आरशाला माझं पूर्ण अनुमोदन. आरसा धरायला माणूस मिळाला नाही तर अंधार पडल्यावर टॉर्च. मोबाइल कशावर तरी घट्ट ठेवा, ३ सेकंदांचा टायमर लावा, आयएसओ १००, शटर १ ते २ सेकंद. टॉर्च दगडाच्या उंचीच्या दुप्पट लांबून, बाजूने, दगडाच्या पातळीला जवळजवळ समांतर धरा. मोबाइल जराही न हलवता टॉर्च घड्याळाच्या काट्यासारखा फिरवत बारा फोटो घ्या. डावीकडच्या उजेडात जी रेघ दिसत नाही ती वरच्या उजेडात दिसते. सह्यवेडा, इथे रॉ मात्र जरूर वापरा म्हणतो, तो मुद्दा तुमचा खरा.

पाणकणीस | गुरुवार, सकाळी ९:००

हो, वेळवंड खोरंच. तुम्ही तिथलेच का? आरसा आणि घोंगडी दोन्ही आत्याकडे आहे. रात्रीही थांबतो.

मोडीप्रेमी | गुरुवार, दुपारी १२:२०

वेळवंड खोऱ्याला सरसकट मावळ म्हणू नये. पुण्याखालची बारा मावळं मोजताना याद्या वेगवेगळ्या मिळतात, पण पवन मावळ, गुंजण मावळ, हिरडस मावळ ही नावं पक्की आहेत.

सह्यवेडा | गुरुवार, दुपारी १२:४५

इथे मावळ कुणी म्हटलंच नाही, सगळे खोरंच म्हणतायत. आणि मावळ काय, खोरं काय, नदीच्या नावानेच ओळख. जुन्नरकडे त्यालाच नेर म्हणतात, भीमनेर, मीननेर.

मोडीप्रेमी | गुरुवार, दुपारी १:०२

नेर वेगळं. त्यावर स्वतंत्र धागा काढतो.

भटकी_जोडी | गुरुवार, संध्याकाळी ५:५०

त्या बाजूला जाताच आहात तर कांबऱ्याचं कांबरेश्वर मंदिर चुकवू नका. वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असतं, मे-जूनमध्येच उघडं पडतं. कापूरहोळला हायवे सोडायचा, मग भोर रस्ता. दगडी बांधणी बघून थक्क व्हाल.

काळी_घोंगडी | गुरुवार, रात्री ९:१०

ते देऊळ सगळेच काढतात फोटोत. त्याच्या आसपास गाळात आमच्या जुन्या गावठाणाची जोती दिसतात, जात्याची तळी दिसते, तिच्याकडं कोण बघत न्हाई. भाटघरचं धरण इंग्रजाच्या राज्यात, १९२०च्या दशकात पुरं झालं. आजा सांगायचा, पाणी दारात आलं तेव्हा वासे काढून डोक्यावर नेले वरच्या अंगाला.

पाहुणं, एक मागणं हाय. दगडाबरूबर बाकीचंबी काढा. पाणवठा, राब भाजलेली काळी वावरं, उडवी, पडवीतली कणगी, भिंतीला अडकवलेलं इरलं. आता पावसात समदे प्लास्टिक पांघरत्यात. इरलं विणणारा म्हातारा गेला की संपलं. वीरगळाला निदान देवळाचा आधार तरी हाय.

शिलालेख | गुरुवार, रात्री ९:४०

या प्रतिसादाचा प्रत्येक शब्द खरा आहे. पाणकणीस, आत्याला त्या वस्तूंची नावं विचारा आणि तिचा आवाज रेकॉर्ड करा. १८८५च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये पिकं आहेत, रस्ते आहेत, देवळं आहेत, पण तुमच्या आत्याला ठाऊक असलेलं त्यात सापडणार नाही. फोटोंची एक प्रत भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा, एक स्वतःकडे ठेवा. जीपीएस चालू ठेवा, पण कुठेही जाहीर टाकण्याआधी ठिकाण काढून टाका, असे दगड चोरीला जातात. आणि जीर्णोद्धार समितीशी भांडू नका. दगड भिंतीत घालण्याऐवजी देवळासमोर ओट्यावर उभे करा म्हणावं, खर्चही कमी येईल.

पाणकणीस | रविवार, रात्री ११:५५

आत्ताच परत आलो, हात चिखलाने भरलेत पण आधी इथे लिहितो.

सकाळी साडेआठला आरसा धरला चुलतभावाने, घोंगडी धरली आत्याने आणि शेजारच्या काकूंनी. कवडसा आडवा गेला आणि दगड बोलायलाच लागला! खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला माणूस आहे आणि त्याच्या मागे तीन गाई आहेत. दोन रविवार मी त्या गाईंना भेगा समजत होतो. आत्या म्हणाली, "म्हंजे गुरं राखताना गेला." तिने घोंगडी खाली ठेवली आणि गाईंवर बोट फिरवत बसली. काकू रडल्या.

समितीचे दोन जण बघायला आले. मोबाइलवर दाखवल्यावर वीरगळ आणि सतीशिळा शेजारी शेजारी ओट्यावर उभ्या करायला तयार झाले. बाकीचे तीन भिंतीतच जाणार, त्यावर ऐकले नाहीत. त्या तिघांचे रात्री टॉर्चने बारा बारा फोटो घेतले, नकाशा काढला. इरलं एकाच घरात मिळालं, माळ्यावर, उंदरांनी कुरतडलेलं. नेसत्या साडीवर ते पाठीला घेऊन आत्या उभी राहिली, तोही फोटो आहे.

शिलालेख, आता तुम्हाला विचारतो. सतीशिळेच्या हाताखाली, टॉर्च डावीकडून असताना, एक आडवी पट्टी आणि तिच्याखाली पाच-सहा खुणा दिसतात. उजवीकडून उजेड टाकला की दिसत नाहीत. अक्षरं असतील का? सकाळी आठला जेसीबी आहे.

शिलालेख | सोमवार, रात्री १२:१०

डावीकडून आणि वरून उजेड टाकलेले दोन फोटो मूळ आकारात व्यनिने (खाजगी निरोपाने) पाठवा, छोटे करून नकोत. माझ्या पेटीत जागा आहे. आणि चुलतभावाला आत्ता फोन करून सांगा, सकाळी दगड उचलताना साखळी हाताखालच्या पट्टीवरून जाऊ देऊ नका, मध्ये पोत्याच्या घड्या घाला.