चित्रपुस्तक: शब्दांतून काय काढायचं, चित्रावर काय सोडायचं?

कागदीहोडी (प्रश्न):
४ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी २४ पानी चित्रपुस्तक करतोय. चिंगी भर पावसात हरवलेली मनी मांजर शोधते, एवढीच गोष्ट. मजकूर ७०० शब्दांचा. कच्ची चित्रं तयार आहेत, पण सगळी मजकुराबरहुकूम. "लाल फ्रॉक घातलेली चिंगी भिजत भिजत अंधाऱ्या गोठ्यात शिरली. तिथे तांबडी गाय बसली होती." चित्रातही लाल फ्रॉक, अंधार, तांबडी गाय. पान एकदा पाहिलं की संपतं, मुलाला शोधायला काही उरत नाही. कात्री कुठे लावू? आणि चिंगीच्या मनातलं (मनी बेडकांच्या शाळेत गेली असेल का, वगैरे) खऱ्यापासून वेगळं कसं दाखवायचं?

शाईदौत:
कात्री आधी मजकुराला. डोळ्यांना दिसणारं सगळं खोडा: रंग, कपडे, हवा, जागा, चेहऱ्यावरचे भाव. आवाज, संवाद, वास, "दुसऱ्या दिवशी" यांसारखे काळाचे शब्द ठेवा, ते चित्राला नीट सांगता येत नाहीत. गोठ्याच्या पानावर मग एवढंच उरेल:

"मने, इथं आहेस का गं?"
"हम्माऽऽ!"

आणि गव्हाणीतल्या कडब्यामागून शेपटीचं टोक. त्याबद्दल मजकुरात अवाक्षर नको. वाचून दाखवणाऱ्याची नजर अक्षरांवर असते, मुलाची चित्रावर. त्यामुळे शेपटी आधी मुलालाच सापडते. पॅट हचिन्स यांच्या 'रोझीज वॉक'चा (१९६८) सगळा डोलारा यावरच उभा आहे. कोंबडीच्या मागावरचा कोल्हा प्रत्येक फजितीसकट चित्रांत आहे, शब्दांत त्याचा उल्लेखही नाही.

२५० ते ३०० शब्दांवर या, पण मोठ्यानं वाचत खोडा. नुसती क्रियापदं उरली तर मजकूर टपालाच्या जुन्या तारेसारखा तुटक होतो. "मने, इथं आहेस का गं?" हे पालुपद प्रत्येक ठिकाणी येऊ द्या, मुलं ते आपणहून म्हणू लागतात.

चित्रकर्तीला "या पानावर हे हे हवं" अशी यादी दिली असेल तर ती परत घ्या. शब्दन्‌शब्द चित्रं बहुतेक वेळा त्या यादीमुळेच येतात. तिला गोष्ट आणि पानांची विभागणी द्या. कुठून पाहायचं, काय झाकायचं, हे तिला ठरवू द्या. गोठा मांजराच्या उंचीवरून काढला तर गाय डोंगराएवढी दिसेल, आणि ते कुठल्याही विशेषणापेक्षा जास्त सांगेल.

रेघोटी:
मनातल्या चित्रांसाठी एक नियम ठरवा आणि शेवटपर्यंत मोडू नका. खरं जग जलरंगात आणि चौकटीत. मनातलं फक्त रंगीत पेन्सिलीत, चौकटीशिवाय. डोक्यावर ढगाचा फुगा काढू नका, त्यानं बेडकांची शाळा कोपऱ्यात आक्रसते. मॉरिस सेंडाक यांच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'मध्ये (१९६३) मुलाची कल्पना जशी फुलते तशी चित्रं पानावर पसरत जातात आणि ऐन धिंगाण्यात सलग तीन जोडपानांवर (समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एक चित्र) एकही शब्द नाही. शाळेला तुम्हीही एक अख्खं जोडपान द्या, बिनशब्दांचं.

आता पानं. मुखपृष्ठ वेगळं धरलं तर १ शीर्षक, २ श्रेयनामावली, ३ वर गोष्ट सुरू; पुढे ४-५ ते २२-२३ अशी १० जोडपानं आणि २४ एकटं. ए-४चे ६ कागद मधोमध दुमडून पिन मारा, २४ पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, झाली. "दार हळूच लोटलं आणि..." हे उजव्या पानाच्या तळाशी हवं, म्हणजे पान उलटल्यावर उत्तर मिळतं. प्रश्न आणि उत्तर समोरासमोर आले की उत्सुकता तिथेच मेली.

सेंटर पिनच्या (मधल्या घडीवर पिन मारलेल्या) पुस्तकात १२-१३ एवढंच जोडपान सलग एका कागदावर छापलं जातं. बाकीच्यांचे दोन भाग वेगवेगळ्या जागी छापले जातात, त्यामुळे जोडावर रेषा मिलीमीटरभर सरकते, रंगही थोडा वेगळा पडतो. बेडकांची शाळा १२-१३ वरच बसवा. इतरत्र चेहरे घडीपासून किमान दीड सेंटीमीटर लांब.

छापखाना_गल्ली:
पावसाळी चित्रं आहेत म्हणून आधीच सांगतो. मॅपलिथो (पुस्तकांचा साधा, बिनलेपाचा) कागद शाई पितो. करडे, निळे गडद होऊन गोठा चिखलासारखा दिसेल. मधल्या छटा आधीच उजळ करा किंवा १३० जीएसएमचा (चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा) मॅट आर्ट पेपर, म्हणजे लेप दिलेला पण न चमकणारा कागद, घ्या. पोपटी आणि झगझगीत नारिंगी पडद्यावर दिसतात तसे चार रंगांच्या छपाईत येत नाहीत. ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर प्रूफ (छपाईआधीचा नमुना) मागा.

अक्षरं चित्रात रंगवून घेऊ नका. ती वेगळ्या थरात, निव्वळ काळ्या रंगात, फिकट जागेवर, १८ ते २० पॉइंट. गडद चित्रावर पांढरी अक्षरं ठेवली आणि रंगांची जुळणी जरा हलली की रफार, अनुस्वार बुजतात. शिवाय उद्या कोंकणी आवृत्ती काढली तर फक्त काळी प्लेट (प्रत्येक रंगाचा छपाईचा पत्रा वेगळा असतो) बदलावी लागेल.

कागदीहोडी:
फार उपयोगी. छपाईआधी मुलांवर तपासायचं कसं?

शाईदौत:
मजकूर न घातलेली डमी चार-पाच मुलांना एकेकट्यानं दाखवा. "हे काय आहे?" विचारलं की मुलं "गाय", "छत्री" अशी नावं सांगतात, "काय चाललंय?" विचारा आणि गप्प बसा. एकाच पानावर बहुतेक जण अडखळले तर चित्र बदला. बऱ्याचदा कारण साधं असतं: चिंगीचे केस किंवा उंची आधीच्या पानापेक्षा वेगळी झालेली, किंवा ती एकदम उलट्या दिशेनं चालू लागलेली. शोधताना तिला डावीकडून उजवीकडेच न्या. उजवीकडून डावीकडे फक्त घरी परतताना.