वादकाला गाणं आवडतं ते सुरांसाठी, शब्दांसाठी नाही. पटतंय का?

पेटीवाला सांगलीकर

मी सांगलीत साथीला पेटी वाजवतो. नाट्यगीतं, भजनं, भावगीतांचे कार्यक्रम, सगळीकडे. कार्यक्रम संपला की कुणीतरी विचारतंच, तुमची आवडती गाणी कोणती? मी तीन नावं घेतो आणि तिथेच वाद सुरू होतो. म्हणून इथे एकदा नीट मांडतो.

पहिलं, अब्दुल करीम खाँसाहेबांचं 'पिया बिन नाही आवत चैन', राग झिंझोटी. भीमसेनजींनी लहानपणी हीच ध्वनिमुद्रिका ऐकली आणि गाणं शिकायला घर सोडलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यात धरून ठेवतो तो गांधार, म्हणजे 'ग' हा स्वर. मिरजेचा चांगल्या जवारीचा, म्हणजे तारा भरून गुंजणारा, तंबोरा जुळवून डोळे मिटून बसा. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या, तारेतून, कुणी न छेडलेला गांधार आपोआप ऐकू यायला लागतो. खाँसाहेबांचा आवाज त्या गांधारात मिसळून जातो. माझ्या पेटीचा गांधार त्याहून किंचित चढा, कारण पेटीचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. म्हणजे मला सगळ्यात प्रिय असलेला स्वर माझ्या वाद्यात नाहीच. तरी, किंवा त्यामुळेच, मी ते गाणं रोज ऐकतो.

दुसरं, 'या चिमण्यांनो, परत फिरा रे'. श्रीनिवास खळेकाकांची चाल, लताबाईंचा आवाज, राग पूरिया धनाश्री. साथ करताना कोमल रिषभ, म्हणजे उतरलेला 'रे', आला की मी बोट उचलतो. ती पट्टी दाबली की गायिकेचा रिषभ आणि पेटीचा रिषभ एकमेकांना घासतात. भात्यावर हलका हात ठेवून नुसता षड्ज, म्हणजे 'सा', धरायचा आणि रिषभ तिचा तिला घेऊ द्यायचा. साथीदाराला गप्प बसायला लावणारी अशी जागा ज्या गाण्यात असते, ते गाणं मोठं.

तिसरं, 'नाथ हा माझा'. राग यमन, भास्करबुवा बखल्यांची चाल, १९१६ चं 'स्वयंवर' नाटक. नाटककार खाडिलकर सांगलीचे, बालगंधर्व नागठाण्याचे, पण ते आपल्याकडचे म्हणून मी हे निवडलेलं नाही. यमनासाठी निवडलंय.

माझं म्हणणं सरळ आहे. ही तिन्ही गाणी शब्दांशिवाय नुसत्या 'आ'कारात गायली तरी माझं प्रेम तसूभर कमी होणार नाही.

शेटफळे स्टँड

पेटीवाले, तुमच्या हाताबद्दल आदर आहे, पण दुसऱ्या गाण्याबद्दल गप्प बसवत नाही. ते शब्द गदिमांचे आहेत. माणूस आमच्या शेटफळ्यात जन्मला, १९१९ साली. तिन्हीसांजा झाल्यात, पोरं अजून घरी आली नाहीत आणि आईचा जीव खालीवर होतोय. तो जीव त्या शब्दांत आहे. शब्द काढा, मग पूरिया धनाश्री हा संध्याकाळचा एक राग उरेल. राग म्हणून तो थोरच आहे, पण त्यातली आई गेली.

'गीतरामायण' घ्या. १९५५ च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक नवं गाणं, एकूण ५६. बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, चाली अप्रतिमच. पण आमच्याकडे मयताच्या घरी बसलेला, एक स्वर ओळखता न येणारा माणूससुद्धा 'पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा' एवढंच म्हणतो आणि समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो. तिथे कुठली पट्टी आणि कुठला रिषभ?

ढोलकी वाळवा

दोघं बी मोठं बोललासा. पण पेटीवाले दादा, यादीत लय कुठं हाय? तिन्ही गाण्यांत ठेक्याचं नाव बी काढलं न्हाईसा. आमच्या वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष लावणीवाल्या पठ्ठे बापूरावांचं गाव, वाटेगाव शाहीर अण्णाभाऊ साठ्यांचं. सांगलीत बसून यादी करायची आनि त्यात एक लावणी न्हाई, एक छक्कड, म्हंजे तमाशातलं ठेक्याचं गाणं, न्हाई?

माझं आवडतं सांगतो. अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली'. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली. पोटासाठी मुंबईला गेलेला गडी गावाकडच्या बायकोची आठवण काढतो. ऐकणाऱ्याला वाटतं, ही विरहाची छक्कड. आनि पुढं बेळगाव, कारवार, निपाणी येतंय. मग कळतं की मागं राहिलेली मैना म्हंजे तुटलेला मुलूख. तिथं आलो की मी डाव्या हाताचा घुमारा दाबून धरतो आनि उजवीकडचे बोल मोकळे सोडतो. माणसं खुर्चीत सरळ होत्यात. ह्ये नुस्त्या शब्दानं होत न्हाई, नुस्त्या सुरानं बी न्हाई. ठेका लागतो.

मिरजकर तंबोरा

सूर आधी, या मुद्द्यावर मी पेटीवाल्यांच्या बाजूने. मी किराणा, म्हणजे खाँसाहेबांच्या घराण्याची, गायकी शिकते आणि त्यांच्या उत्सवात मिरजेच्या दर्ग्यात जाऊन बसते. तिथे शब्द ऐकायला कुणी येत नाही.

पण मग पेटी कशाला? गांधार चढा, रिषभ घासतो, हे तुम्हीच लिहिलंत. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, तर पेटीतून निघतच नाही. याच कारणांनी आकाशवाणीने १९४० साली पेटी बंद केली आणि ती बंदी १९७१ पर्यंत चालली. आपल्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर, एवढा अभ्यास केला, बावीस श्रुतींची पेटी करवून घेतली, आणि त्या कामात अब्दुल करीम खाँसाहेब त्यांच्याबरोबर होते. तरीही मैफलीत ती पेटी रुळली नाही. सुरावर इतकं प्रेम असेल तर सारंगी धरा, दादा.

पेटीवाला सांगलीकर

ताई, सारंगी धरायचं वय गेलं, आणि पेटीवर माझं तेवढंच प्रेम आहे. गोविंदराव टेंब्यांनी 'मानापमान' नाटकाच्या चाली दिल्या, ते पेटीवालेच होते. आपल्या वाद्याची मर्यादा माहीत असलेला साथीदार गायकाला जास्त जपतो.

ढोलकीवाले, अण्णाभाऊंची छक्कड मोठीच आहे, वाद नाही. पण ती मला हलवते ते आंदोलन आठवून. सूर म्हणून ती माझ्या कानात राहत नाही.

शेटफळे, तुम्हाला एकच विचारतो. 'पिया बिन'चे शब्द साधे ठुमरीचे, विरहाचे, शेकडो ठुमऱ्यांत सापडतील असे. तीच ठुमरी सैगलने १९३६ च्या 'देवदास'मध्ये म्हटली. शब्द तेच, राग तोच, आणि परिणाम अगदी निराळा. शब्दच सगळं करत असते तर दोन्हीकडे सारखं झालं असतं की नाही?

शेटफळे स्टँड

नाही. सैगल ते शब्द बोलतो म्हणून निराळं होतं. खाँसाहेब आवाजाने आळवतात, सैगल मायक्रोफोनजवळ येऊन कानात सांगतो. 'चैन नाही' हे त्याला म्हणायचंय आणि ते तुम्हाला कळतंय. हिंदीचं अक्षर न कळणाऱ्याला सैगलचं गाणं ऐकवा आणि विचारा, काय उरलं?

मिरजकर तंबोरा

माझ्या आजीला हिंदीचं अक्षर कळत नव्हतं. ती रेडिओवर सैगल लागला की चूल सोडून यायची.

ढोलकी वाळवा

सैगलवर भांडा सावकाश. पेटीवाले, 'आंदोलन आठवून' हलता म्हनलासा, त्ये मला मान्य न्हाई. चळवळीनंतर जन्मलेली पोरं बी त्या छक्कडीला उठून उभी ऱ्हात्यात, त्यांला कुठलं आंदोलन आठवतंय? एकदा माझ्या ढोलकीसंगं पेटी धरा, निपाणीच्या ओळीपाशी भाता हातातच ऱ्हातो का बघू.