शाळेची निवड घर घेतानाच होते

अमेरिकेतल्या शाळांच्या चर्चेत कुणीतरी म्हटलं, ‘पालकांच्या हातात व्हाउचर (हव्या त्या शाळेच्या फीसाठी सरकारी पैसे) द्या, स्पर्धेने सरकारी शाळा आपोआप सुधारतील’. हे म्हणणं मला अर्धंच पटलं. निवड आजही आहेच की, फक्त ती घराच्या किमतीत दडलेली असते. न्यू जर्सीत घर बघताना एजंटबाईंनी आम्हाला स्वयंपाकघराच्या आधी शाळेचं रेटिंग दाखवलं. दहापैकी नऊ! रस्त्यापलीकडे, दुसऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (घराचा पत्ता ज्या डिस्ट्रिक्टमध्ये, साधारण तिथलीच सरकारी शाळा मिळते), तसंच घर बरंच स्वस्त होतं.

शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, हा मुद्दा त्या चर्चेत कुणी काढलाच नाही. टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोत १९६७-६८ साली एजवूड डिस्ट्रिक्टचे गरीब, बहुतेक मेक्सिकन वंशाचे रहिवासी मालमत्तेच्या शंभर डॉलरमागे १.०५ डॉलर कर भरायचे, आणि मुलामागे जमायचे २६ डॉलर. त्याच परिसरातल्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये दर ०.८५, जमा ३३३! पालक कोर्टात गेले. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, शिक्षण हा अमेरिकी राज्यघटनेतला मूलभूत हक्क नाही. तेव्हापासून ही भांडणं मुख्यतः राज्याराज्यांच्या कोर्टांत चालतात. टेक्ससने १९९३ मध्ये श्रीमंत डिस्ट्रिक्टचा काही कर काढून गरीब डिस्ट्रिक्टना द्यायचा कायदा केला. लोक त्याला ‘रॉबिन हूड’ म्हणतात, बहुतेकदा शिव्या घालतच.