मदत हवी आहे: टीव्हीवर बघून घेतलेला एअर फ्रायर ओव्हन

आईने दुपारी टीव्हीवरची जाहिरात बघून 12 लिटरचा एअर फ्रायर ओव्हन मागवला, "लगेच फोन करा" म्हटलं की आमच्या मातोश्री करतातच. एकादशीला साबुदाणा वडे केले, 200 वर 15 मिनिटं, तेलाचा हात लावून, तरी वरून करपले नि आत कच्चेच. कॉइल नि पंखा वरच्या बाजूला आहे म्हणजे वरचा ट्रे जास्त तापत असणार, मग मधल्या जाळीवर ठेवून 180 वर करू का? दुसरं म्हणजे मागे 1700 वॅट लिहिलंय नि ओट्याजवळ 6 अँपिअरचाच सॉकेट, कन्व्हर्टर लावून चालवतोय तर प्लगला हात लावला की चटका बसतो. 16 चा पॉइंट काढून घेईपर्यंत बंदच ठेवू ना? आणि ती फिरणारी जाळी, तिच्यात शेंगदाणे सोडून कोणी काय करतं?