चर्चा: नेतृत्वाची सेवा करू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती स्त्रीने आपली मंडळी कशी ठरवावी?

धागाकर्ती:
ज्या मंडळीत मी वाढले, तिथे बायबल अभ्यासवर्ग घेते आणि आजाऱ्यांच्या भेटीला जाते. मात्र पाळकाची दीक्षा (धर्मसेवेचा विधिपूर्वक दिलेला अधिकार) व वडीलपद (मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांचे पद) तिथे पुरुषांनाच दिले जाते. आता स्त्रियांना दीक्षा देणाऱ्या दुसऱ्या एका संप्रदायाने मला उमेदवार म्हणून बोलावले आहे. माझ्या मते ‘माझ्या कृपादानाला (देवाने दिलेल्या गुणाला) वाव कुठे मिळेल’ हा पहिला प्रश्न नव्हे. ज्या मंडळीची शिकवण मी व्यासपीठावरून मनात काही न ठेवता सांगू शकेन, तीच माझी जागा. स्त्रीने शिकवू नये व पुरुषावर अधिकार चालवू नये असे प्रेषित पौल सांगतो, त्या 1 तीमथ्य 2:12 मध्ये ‘अधिकार चालवणे’ यासाठी आलेले ग्रीक क्रियापद नव्या करारात दुसरीकडे कुठेही येत नाही, आणि अशा एका शब्दाच्या आधारावर सर्वकाळासाठी मनाई लादणे मला पटत नाही. म्हणून जावे, असा माझा कल आहे. विरोधी मते मुद्दाम मागते आहे.

दीपमाळ:
मी स्त्रीच आहे आणि मला हे पटत नाही. शब्द दुर्मिळ असेल, पण पुढच्याच वचनात पौल आदाम आणि हव्वेचा दाखला देतो, म्हणजे त्याचा युक्तिवाद एखाद्या शहरातील तात्पुरत्या गोंधळावर नव्हे, तर निर्मितीच्या क्रमावर उभा आहे. ‘ख्रिस्तात पुरुष व स्त्री हा भेद नाही’ असे सांगणारे गलतीकरांस पत्र 3:28 तारणाविषयी बोलते, पदांविषयी नव्हे. मी ही मर्यादा मान्य करून अनेक वर्षे स्त्रियांना वचन शिकवते आहे, आणि त्यात मला कधी कमीपणा वाटलेला नाही. एक गोष्ट स्पष्टच विचारते, राग मानू नये: हे बोलावणे आले नसते, तर या वचनाचा अर्थ तुम्हाला इतक्याच ठामपणे असा लागला असता का?

वाटसरू:
निर्मितीच्या क्रमाचा आधार पौल 1 करिंथ 11 मध्येही घेतो, तोही स्त्रियांनी मस्तक झाकण्याविषयी. आणि त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात स्त्रिया सभेत प्रार्थना करतात व संदेश देतात हे तो गृहीतच धरतो. मस्तक झाकण्याचा नियम कालसापेक्ष मानणाऱ्या कितीतरी मंडळ्या तीमथ्याच्या पत्रातील नियम मात्र कायमचा मानतात; ही निवड कशाच्या आधारे होते, ते कोणीतरी सांगावे. रोमकरांस पत्र 16:1 मध्ये फीबी या स्त्रीसाठी जो ग्रीक शब्द (‘दियाकोनोस’, म्हणजे सेवक) आला आहे, तोच शब्द पौल अन्यत्र स्वतःसाठी वापरतो. अपुल्लो या प्रचारकाला देवाचा मार्ग अधिक अचूकपणे समजावून सांगणाऱ्या जोडप्यात प्रिस्किल्ला होती.

तरीही धागाकर्तीने घाई करू नये, असे मला वाटते. फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना 1944 मध्ये अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडशी जोडलेल्या) परंपरेतील पहिली स्त्री धर्मगुरू म्हणून दीक्षा मिळाली, कारण युद्धामुळे मकावच्या मंडळीला प्रभुभोजन देण्यासाठी धर्मगुरू पोहोचू शकत नव्हता. वाद पेटला, तेव्हा 1946 मध्ये त्यांनी सेवेचा परवाना परत केला, पण दीक्षा सोडली नाही. त्यांचे पाचारण एका विशिष्ट मंडळीच्या भुकेतून पुढे आले होते. तुमच्या बाबतीत अशी गरज नेमकी कोणाची आहे?

जुना सभासद:
वचनांचा वाद चालू राहील. मी व्यवहाराचे सांगतो. दीक्षेचा नियम असणे आणि नेमणूक मिळणे यांत बरेच अंतर असते. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रिया 1994 मध्ये धर्मगुरू झाल्या, पण पहिली स्त्री बिशप होण्यासाठी 2015 उजाडावे लागले, आणि आजही तिथल्या एखाद्या पॅरिशला (स्थानिक मंडळीला) ठराव करून पुरुष धर्मगुरूची मागणी करता येते. बोलावणाऱ्या संप्रदायाला विचारा: दीक्षित स्त्रियांपैकी कितीजणी स्वतंत्रपणे मंडळी सांभाळतात आणि कितीजणी कायम सहायक राहतात? बाप्तिस्मा कोण देते? हिशेबाच्या आणि नेमणुकांच्या समितीत त्यांना मत असते का? तिथल्या एखाद्या स्त्री पाळकाशी, वरिष्ठ समोर नसताना, तासभर बोला.

अबोली:
नेतृत्व म्हणजे दीक्षाच, हे समीकरण मला मान्य नाही. आमच्या कॅथोलिक परंपरेत धर्मगुरूपद पुरुषांसाठीच राखलेले आहे, आणि 1994 च्या प्रेषितीय पत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनी ते पुन्हा स्पष्ट केले. तरीही जानेवारी 2025 मध्ये सिस्टर सिमोना ब्रांबिल्ला व्हॅटिकनच्या एका विभागाच्या प्रमुख झाल्या.

वाटसरू:
आणि त्या विभागासाठी एका कार्डिनलांची सहप्रमुख म्हणून नेमणूक झाली, हेही सांगायला हवे होते.

धागाकर्ती:
दीपमाळताई, तुमचा प्रश्न बोचला, कारण उत्तर पूर्णपणे ‘हो’ नाही. वचनाचा अर्थ मला पूर्वीपासून असाच लागत होता, पण तो आमच्या वडीलजनांसमोर मी एकदाही मांडला नाही. बोलावणे आल्यावरच मला धीर आला. म्हणून उत्तर कळवण्याआधी त्यांची भेट मागितली आहे. माझे मत उघडपणे सांगूनही अभ्यासवर्ग माझ्याकडे राहणार असेल, तर निर्णय पुन्हा तपासेन. जुन्या सभासदांचे प्रश्न दुसऱ्या बाजूला आजच पाठवले आहेत.

दीपमाळ:
भेटीत ते ‘नाही’ म्हणाले, तर अभ्यासवर्गातल्या स्त्रियांना कोण सांगणार, तुम्ही की ते? एवढे आधी ठरवून घ्या.