नावे वाढवली म्हणजे जोखीम विभागली जाते का?

धागाकर्ता

गेल्या महिन्यात माझ्या सगळ्या म्युच्युअल फंडांची विवरणपत्रे टेबलावर पसरून बसलो आणि प्रत्येक फंडातील पहिल्या दहा कंपन्यांवर लाल पेन्सिल फिरवली. फंड नऊ होते, पण त्यांपैकी सात फंडांत तीच चार नावे पुन्हा पुन्हा येत होती. इतकी वर्षे मी ज्याला विभागणी समजत होतो, ती प्रत्यक्षात एकाच मालाची नऊ गाठोडी होती.

म्हणून चर्चेसाठी एक मत मांडतो. दीर्घ मुदतीचा सुरक्षित पोर्टफोलिओ उभा करताना आपण किती नावे घेतली यापेक्षा, ती नावे कोणत्या कारणाने एकदम पडू शकतात, हे आधी पाहावे. मंदी आली की शेअर पडतात, व्याजदर चढले की जुन्या रोख्यांची, म्हणजे सरकारला किंवा कंपन्यांना दिलेल्या कर्जाच्या कागदांची, किंमत उतरते, आणि महागाई वाढली की ठेवीतले मुद्दल आकड्याने तेवढेच राहूनही आतून झिजत जाते. वर्षाला सहा टक्के महागाई असेल, तर साधारण बारा वर्षांत त्याची खरेदीची ताकद निम्मी होते. सोने यांपैकी काही संकटांत उपयोगी पडते, पण नेहमीच नाही, कारण जानेवारी 1980 मध्ये औंसाला 850 डॉलरच्या घरात गेलेला भाव पुन्हा तिथे पोचायला 2008 साल उजाडले. अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी 1952 साली मांडलेल्या आणि 1990 साली नोबेल पुरस्काराने गौरवल्या गेलेल्या विचाराचे सारही हेच आहे: एखाद्या गुंतवणुकीची जोखीम तिला एकटीला समोर ठेवून कळत नाही, ती शेजारच्या गुंतवणुकींबरोबर कशी वरखाली होते हे पाहिल्यावरच कळते.

माझी मांडणी साधी आहे. पाच वर्षांच्या आत लागणारे पैसे शेअरमध्ये असू नयेत. उरलेल्या रकमेतून अनेक देशांचे बाजार सामावणारा कमी खर्चाचा इंडेक्स फंड (निवड न करता निर्देशांकातले सगळे शेअर घेणारा फंड), सरकारी रोखे आणि थोडे सोने घ्यावे आणि ठरवलेले प्रमाण वर्षातून एकदा पुन्हा जुळवून घ्यावे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी कारणांसह लिहावे.

पहिला प्रतिसाद

मला हे पटत नाही, आणि कारण सोपे आहे. तीस वर्षांनी लागणाऱ्या पैशांना आज रोख्यांत आणि सोन्यात गुंतवून ठेवणे ही सुरक्षितता नाही. 100 रुपये वर्षाला चार टक्क्यांनी तीस वर्षांत सुमारे 324 होतात आणि सात टक्क्यांनी सुमारे 761. सात टक्क्यांची खात्री कोणीच देत नाही हे मान्य, परंतु तीन टक्क्यांचा हा फरक इतक्या वर्षांत दुपटीहून जास्त होतो, आणि तरुण गुंतवणूकदाराने तो केवळ मनाच्या शांततेसाठी सोडून द्यावा, असे आपण सुचवत आहात. ज्याच्यापुढे नोकरीची पंचवीस-तीस वर्षे शिल्लक आहेत, त्याचे पुढचे पगार हेच एका अर्थी त्याचे रोखे असतात. त्याने सगळी बचत शेअरमध्ये ठेवली तरी बाजार पडल्यावर तो उपाशी राहत नाही, उलट दर महिन्याला स्वस्तात खरेदी करतो. खरा धोका चढउतारांचा नाही, म्हातारपणी पैसे कमी पडण्याचा आहे.

दुसरा प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात "शेअर" हा शब्द एखाद्या सरासरीसारखा वापरला आहे. आपल्या वाट्याला मात्र सरासरी येत नाही, एक ठरावीक देश आणि एक ठरावीक काळ येतो. जपानचा निक्केई निर्देशांक 29 डिसेंबर 1989 रोजी 38,915 वर बंद झाला आणि त्या पातळीच्या वर तो बंद व्हायला 22 फेब्रुवारी 2024 हा दिवस यावा लागला. मधे लाभांश मिळाले, पडत्या भावात हप्त्याहप्त्याने खरेदी करणाऱ्यांचे नुकसान पुष्कळ कमी झाले, हे सगळे खरे. तरीही 1989 साली पन्नाशीत असलेल्या आणि आयुष्याची पुंजी त्याच बाजारात ठेवलेल्या माणसाला "दीर्घ मुदतीत सगळे ठीक होते" हे कोणत्या तोंडाने सांगायचे? पुढच्या पगारांचा आधारही मंदीत हमखास टिकतो असे नाही, कारण नोकऱ्या जातात त्याही मंदीतच.

तिसरा प्रतिसाद

मी दोन्ही बाजूंशी असहमत आहे. सगळ्यातले थोडे थोडे घेणे म्हणजे आपण कशाचाच अभ्यास केला नाही, याची कबुली होय. ज्या आठ-दहा कंपन्यांचे ताळेबंद मी दरवर्षी वाचतो, ज्यांची कर्जे आणि रोख प्रवाह मला माहीत आहेत, त्या मला पाचशे अनोळखी नावांपेक्षा अधिक सुरक्षित वाटतात. अज्ञान पाचशे ठिकाणी वाटून टाकले म्हणून त्याचे ज्ञान होत नाही.

धागाकर्ता

तिसऱ्या प्रतिसादातील मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे, पण इथेच घोडे पेंड खाते. वित्त विषयाचे संशोधक हेंड्रिक बेसेम्बाइंडर यांनी 1926 ते 2016 या काळातील अमेरिकी शेअर तपासून 2018 साली जे प्रसिद्ध केले, ते पाहावे. निम्म्याहून अधिक शेअरनी त्यांच्या संपूर्ण आयुष्यात अल्पमुदतीच्या सरकारी ट्रेझरी बिलांइतकाही परतावा दिला नाही, आणि त्या बिलांच्या वर बाजाराने जी निव्वळ संपत्ती निर्माण केली, ती सगळी सुमारे चार टक्के कंपन्यांच्या खात्यावर जमा होते. ताळेबंद वाचून वाईट कंपन्या टाळता येतात हे मी मान्य करतो. ते चार टक्के आपल्या आठ-दहा नावांत असतीलच, हे मात्र ताळेबंद सांगत नाही. संपूर्ण बाजार घेणाऱ्याच्या हातात ते आपोआप असतात.

चौथा प्रतिसाद

मी एका कंपनीत सोळा वर्षे होतो. पगार तिथला, बोनसमध्ये मिळालेले शेअर तिथले, आणि कंपनीवर विश्वास म्हणून स्वतःच्या बचतीतून घेतलेले शेअरही तिथलेच. मला वाटे, या कंपनीला माझ्याइतके आतून कोण ओळखणार? ज्या तिमाहीत धंदा बसला, त्याच तिमाहीत माझी नोकरी गेली, आणि घरखर्चासाठी शेअर विकायला काढले तेव्हा त्यांचा भाव खरेदीच्या एक-तृतीयांशावर आला होता. 2001 साली अमेरिकेतील एन्रॉन ही ऊर्जा कंपनी बुडाली तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीचा मोठा हिस्सा त्याच कंपनीच्या शेअरमध्ये होता, हे मी पूर्वी वाचले होते आणि तरीही स्वतःला ते लागू केले नाही. आठ-दहा कंपन्या घेणाऱ्यांनी निदान आपला पगार ज्या उद्योगातून येतो, तो उद्योग तरी त्यांतून वगळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पाचवा प्रतिसाद

धागाकर्त्यांना एक प्रश्न. 2022 साली अमेरिकेत एस अँड पी 500 हा सुमारे पाचशे मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक लाभांश धरूनही सुमारे 18 टक्के आणि रोख्यांचा व्यापक निर्देशांक सुमारे 13 टक्के खाली आला. ज्याने नियमाप्रमाणे दोन्ही घेतले, त्याला दोन्हीकडून फटका बसला. ज्या वर्षी गरज पडली त्याच वर्षी विभागणी कामी आली नसेल, तर ती करायची कशासाठी?

धागाकर्ता

प्रश्न रास्त आहे. 2008 सालचे संकट मंदीचे होते, त्यामुळे शेअर कोसळत असताना अमेरिकी सरकारच्या रोख्यांचे भाव वाढले. 2022 सालचे संकट महागाईचे आणि चढत्या व्याजदरांचे होते, आणि त्या एका कारणाचा फटका दोघांनाही बसतो. रोख्यांचा सरासरी कालावधी, म्हणजे ज्याला ड्युरेशन म्हणतात तो, सात वर्षांचा असेल आणि व्याजदर दोन टक्क्यांनी चढले, तर किंमत अंदाजे 14 टक्क्यांनी उतरते. तोच कालावधी दोन वर्षांचा असेल तर उतार चार टक्क्यांच्या आसपास राहतो. म्हणून "रोखे घ्या" एवढे म्हणणे अपुरे होते आणि ती चूक माझ्या मूळ लिखाणात राहिली. लवकर लागणारे पैसे अल्प मुदतीच्याच रोख्यांत असावेत, असे मी आता स्पष्टपणे लिहितो.

पहिला प्रतिसाद (पुन्हा)

जपानचे उदाहरण मला अडवते, हे कबूल करतो, आणि एकाच देशाचे शेअर घेणे मी यापुढे सुचवणार नाही. निवृत्तीच्या जवळ आलेल्यांचा मुद्दाही मान्य: 100 च्या पुंजीतून वर्षाला 5 काढणाऱ्याची पुंजी पहिल्याच वर्षी 50 वर आली, तर तेच 5 उरलेल्या रकमेच्या दहा टक्के होतात आणि नंतरच्या तेजीत वाढायला मुद्दलच उरत नाही. परंतु पस्तिशीच्या आतल्या माणसाने दोन वर्षांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला ठेवली की बाकी सगळे जगभरच्या शेअरमध्ये ठेवावे, या मतावर मी ठाम आहे.

धागाकर्ता

त्यावर माझी हरकत हिशेबाची नाही, हाताची आहे. 60 शेअर आणि 40 रोखे अशी विभागणी असताना शेअर निम्मे झाले, तर 30 आणि 40 उरतात, आणि प्रमाण जुळवण्यासाठी रोख्यांतले 12 काढून त्याच पडलेल्या शेअरमध्ये घालावे लागतात. ऑक्टोबर 2007 ते मार्च 2009 या काळात एस अँड पी 500 सुमारे 57 टक्क्यांनी उतरला, तेव्हा हे करणे किती जड गेले असेल याची कल्पना करा. ज्याच्याकडे रोखे आहेत त्याला निदान ते 12 कुठून आणायचे हे ठाऊक असते. ज्याचे सगळेच शेअरमध्ये आहे, त्याला त्या दिवशी फक्त विकायचे की थांबायचे एवढेच ठरवता येते. आपण ती घसरण पूर्ण पुंजीनिशी सोसली आहे का, आणि सोसली असेल तर त्या महिन्यांत खरेदी चालू ठेवली होती का, हे कृपया लिहावे, कारण आपल्या मताचे वजन माझ्या लेखी त्या उत्तरावर ठरेल.

पहिला प्रतिसाद (पुन्हा)

तेव्हा माझी पुंजी चार महिन्यांच्या पगाराएवढी होती. खरेदी चालू ठेवली. आज ती रक्कम बारा वर्षांच्या पगाराएवढी आहे आणि तेवढ्या रकमेनिशी निम्म्यावर येण्याचा अनुभव मला नाही.