मासातलानच्या बाजारात एक दिवस: काय बघावं, काय खावं, ओळखी कशा होतील?

सागरवाट:
जानेवारीत लॉस एंजेलिसहून निघणाऱ्या क्रूझने आम्ही तिघं मेक्सिकोला जातोय. मासातलानला जहाज सकाळी ८ ते संध्याकाळी ५ थांबतं. सोबत आई-बाबा आहेत, दोघंही साठीच्या पुढचे. आई शुद्ध शाकाहारी, बाबांना मासळी जीव की प्राण. जहाजाच्या सहलींत जायचं नाही. गावातल्या मुख्य बाजारात निवांत वेळ काढायचा आणि तिथल्या माणसांशी थोडंफार बोलायचं, एवढाच बेत आहे. स्पॅनिश अजिबात येत नाही. आखणी कशी करावी? पैसे किती आणि कोणत्या रूपात न्यावेत? माणसांशी ओळख व्हावी असं वाटतं, पण आगंतुकासारखं मध्ये घुसायचं नाही.

दर्यावर्दी_७:
तुम्हाला हवा तो बाजार म्हणजे मेर्कादो पिनो सुआरेस. जुन्या गावाच्या मधोमध, दोन मनोऱ्यांच्या कॅथेड्रलच्या मागेच आहे. लोखंडी सांगाड्याची ही इमारत १९०० सालापासून वापरात आहे. खाली मटण, मासळी, चीज, भाजी, मसाले आणि कडेच्या गाळ्यांत भेटवस्तू. वरच्या मजल्यावर फोन्दा, म्हणजे घरगुती खानावळी. वर जायला पायऱ्या आहेत, आई-बाबांचे गुडघे कसे आहेत ते बघून ठरवा. मासळीच्या भागात फरशी ओली असते, तेव्हा घट्ट पकडीचे बूट घाला.

आधी घड्याळाचं बघा. जानेवारीत मासातलान लॉस एंजेलिसपेक्षा एक तास पुढे असतं. जहाजाने आपलं घड्याळ बदललं नसेल, तर तुम्ही ८ ला उतराल तेव्हा गावात ९ वाजलेले असतील आणि तुमच्या मोबाइलवर गावची वेळ दिसेल. टॅक्सीवाल्याला "३ वाजता न्यायला ये" सांगताना नेमका इथेच गोंधळ होतो. एक मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा आणि परतीचा हिशोब त्यावरच करा. उतरल्यावर रेंगाळू नका, दुपार झाली की मासळीचे गाळे आवरायला लागतात.

बंदरातून चालत प्लासुएला माचादो या जुन्या चौकापर्यंत साधारण वीस-पंचवीस मिनिटं लागतात, बाजार त्याच्या थोडा पुढे. आई-बाबांसाठी पुल्मोनिया करा. ही बाजूंनी उघडी, गोल्फच्या गाडीसारखी टॅक्सी, मासातलानची खास ओळख. मीटर नसतो, म्हणून बसण्याआधी तीन गोष्टी ठरवा: आकडा पेसोत की डॉलरमध्ये, माणशी की सगळ्यांचा मिळून, आणि जाण्याचा की जाऊन-येऊन. आकडा मोबाइलवर टाइप करून दाखवा. भांडणं भाड्याच्या रकमेवरून क्वचितच होतात, या तीनपैकी एक गोष्ट ठरवायची राहिली की होतात.

पैसे पेसोतच न्या. डॉलर घेतात, पण दर दुकानदाराचा. एटीएम बँकेच्या शाखेतलंच वापरा. पडद्यावर "आमच्या दराने रूपांतर करू का?" असं विचारलं तर नाही म्हणा, तुमच्या बँकेचा दर जवळजवळ नेहमीच बरा असतो. यंत्रातून ५०० च्या नोटा येतात आणि सकाळी भाजीवाल्याकडे त्याची मोड नसते. आधी एखाद्या किराणा दुकानातून पाण्याची बाटली घेऊन नोट मोडा. २० आणि ५० च्या नोटा, ५ आणि १० ची नाणी खिशात हवीतच. स्वच्छतागृहालाही नाणंच लागतं, कागद दारातच मोजून देतात.

अबोली_के:
ओळखी कशा होतील, यावर लिहिते, कारण प्रश्नाचा गाभा मला तोच वाटतो.

बाजार "बघून" संपवू नका. दोन-तीन गाळे निवडा आणि तिथेच वेळ द्या. सकाळी एका बाईकडून पाव किलो चिंचेच्या गोळ्या घ्या, तासाभराने तिच्याकडेच परत येऊन अजून थोड्या घ्या. दुसऱ्या वेळी ती तुम्हाला ओळखते, कुठून आलात विचारते, बाबांना एखादी गोळी चाखायला देते. वीस गाळे फिरणाऱ्या माणसाला हे मिळत नाही, कारण विकणाऱ्याच्या लेखी तो नुसता वाटसरू असतो.

अभिवादन केल्याशिवाय काही विचारायचं नाही, हा तिथला सर्वात महत्त्वाचा रिवाज. दुपारी १२ पर्यंत "ब्वेनोस दीआस", नंतर अंधार पडेपर्यंत "ब्वेनास तार्देस". थेट "हे कितीला?" म्हटलं तर उत्तर मिळतं, पण कोरडं. नमस्कार झाला की मग "आ कोमो?", म्हणजे काय भाव. गर्दीतून वाट काढताना "कोन पेर्मीसो". जेवणाऱ्या माणसाजवळून जाताना, अनोळखी असला तरी, "प्रोवेचो", म्हणजे सावकाश जेवा, म्हणायचं. फोन्दाच्या बाकावर शेजारच्याशी बोलणं बहुतेक वेळा या शब्दावरूनच सुरू होतं, म्हणून जेवायला कोपऱ्यातलं टेबल धरू नका, लांब बाकावर बसा. वडीलधाऱ्यांशी बोलताना "उस्तेद" वापरा, आपल्या "तुम्ही"सारखं. "सोय दे ला इंदिया", म्हणजे मी भारतातला, सांगितलंत की पुढचे प्रश्न तेच विचारतील.

भाषा येत नसेल तर हातांनी दाखवता येईल असा प्रश्न विचारा. सुकी मिरची हातात घेऊन "कोमो से प्रेपारा?", हे कसं करतात? मग भाजण्याचा, वाटण्याचा, तिखटाचा सगळा अभिनय सुरू होतो आणि बाजूचे गाळेवालेही भर घालतात. आईंना हा संवाद आपल्या सगळ्यांपेक्षा चांगला जमेल असं मला मनापासून वाटतं. भाषांतराचं ॲप ठेवा, त्यात स्पॅनिश ऑफलाइन उतरवून घ्या, पण पहिलं वाक्य तोंडानेच बोला.

फोटो विचारूनच. "पुएदो तोमार उना फोतो?" लहान मुलांचा असेल तर आईवडिलांना विचारा. कुणी हौसेने उभं राहिलं तर तो फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू का विचारा. तिकडे ते सगळेच वापरतात आणि जहाज सुटल्यावर ओळख टिकते ती यामुळे. वचन दिलंत तर त्याच संध्याकाळी पाठवा.

हिंग_जिरे:
आईंच्या जेवणाची काळजी आधी करा. "सिन कार्ने", म्हणजे मांस नको, एवढंच सांगून भागत नाही, कारण ते ऐकून कोंबडी किंवा मासळी पुढे येऊ शकते. खरी अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची. फ्रिहोलेस, म्हणजे घोटलेला घेवडा, बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात. लाल भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात. सिनालोआत, म्हणजे मासातलान ज्या राज्यात आहे तिथे, गव्हाच्या तोर्तिया, म्हणजे पातळ पोळ्या, फार चालतात आणि त्यांतही चरबी असू शकते. मक्याच्या तोर्तियात सहसा नुसता मका, चुना आणि पाणी असतं, म्हणून मक्याचीच मागा.

हे वाक्य कागदावर स्पॅनिशमध्ये लिहून घ्या आणि दाखवा: "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो." म्हणजे मांस, कोंबडी, मासळी, चरबी, कोंबडीचा रस्सा यांतलं काही नको. सहसा चालेल असं: केसादिया, म्हणजे मक्याच्या तोर्तियात चीज भरून भाजलेली घडी, नोपालची म्हणजे निवडुंगाच्या पानांची भाजी, ग्वाकामोले म्हणजे ॲव्होकाडोची चटणी. फळांच्या गाड्यावर खिकामा हा रसाळ पांढरा कंद, काकडी, आंबा, नारळ, वर लिंबू-मीठ-मिरची. मिरची आधीच टाकतात, नको असेल तर कापायला घेण्यापूर्वी सांगा. पेयांत आग्वा दे सेबादा घ्या, जवाचं थंड पेय, सिनालोआत आवडीनं पितात. लाल अंबाडीच्या बोंडांचं खामायकाही छान. नळाचं पाणी मात्र अजिबात नको, आणि पेय शुद्ध केलेल्या पाण्याचं आहे का तेही विचारून घ्या. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत: "ला क्वेन्ता, पोर फावोर." दहा ते पंधरा टक्के टीप ठेवा.

सागरवाट:
फारच उपयोगी! आई निवडुंगाच्या भाजीचं ऐकून आत्ताच खूश आहे. बाबांसाठी कोळंबीबद्दल कुणी सांगेल का? आणि घासाघीस करावी का?

दर्यावर्दी_७:
बाबांना आकिलेस सेर्दान रस्त्यावर न्या, बाजारापासून थोडंच अंतर आहे. तिथे चांगेरास, म्हणजे कोळंबी विकणाऱ्या बायका, टोपल्या-टब मांडून बसतात. आपल्या कोळणींचा बाणा ज्याला ठाऊक आहे त्याला तिथे परकं वाटणार नाही. समुद्रातल्या कोळंबीवर साधारण मार्चच्या सुमारास बंदी लागते ती सप्टेंबरच्या आसपास उठते, म्हणजे जानेवारीत ताजा माल असतो. तरी तळ्यातली की समुद्रातली ते विचारा, सिनालोआत कोळंबीची शेती मोठी आहे. डोकं घट्ट चिकटलेलं, कवच चकचकीत, अमोनियाचा वास नको. जहाजावर कच्चा माल नेऊ देत नाहीत, तेव्हा थोडीच घ्या आणि जवळच्या खानावळीत शिजवून देतील का विचारा. शिजवण्याचे पैसे आधी ठरवा.

अग्वाचिले सिनालोआची शान: चिरलेली कच्ची कोळंबी, लिंबाचा रस, हिरवी मिरची किंवा चिल्तेपीन ही बारीक तिखट मिरची, काकडी, लाल कांदा. पण लिंबाने कोळंबीचा रंग बदलतो, जंतू मरत नाहीत. साठीच्या पुढच्या माणसाला मी शिजवलेलीच सुचवेन. धुरावलेल्या मार्लिन माशाचे टाको त्यांना नक्की आवडतील.

खाण्याच्या जिनसांवर घासाघीस नको. जास्त घेतलंत तर वर थोडं "पिलोन" आपणहून देतात. हस्तकलेच्या गाळ्यावर दोन-तीन वस्तू एकत्र घेऊन हसत विचारायला हरकत नाही.

अबोली_के:
खरेदीत तीन गोष्टींपासून जपा. चांदीवर ९२५ चा ठसा बघा. "आल्पाका" म्हणून दाखवतात तो तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू, त्यात चांदी नसते. मोठ्या बाटलीत अगदी स्वस्त व्हॅनिला मिळाला तर तो व्हॅनिलाच्या शेंगांचा नाही, आणि काहींत कुमारिन हे यकृताला घातक ठरू शकणारं द्रव्य सापडलेलं आहे. अमेरिकेत ते खाण्याच्या पदार्थांत चालत नाही. कासवाच्या पाठीचे दागिने कितीही सुंदर दिसले तरी घेऊ नका: मेक्सिकोत समुद्री कासवं पकडण्यावर आणि त्यांच्या व्यापारावर १९९० पासून पूर्ण बंदी आहे आणि सीमेवर ते जप्त होतात.